पाडव्याचा केर

आमच्या सोसायटीत आता दोन डबे आहेत, ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. सकाळी कचरा न्यायला बाई येते, तेव्हा मी दाराशी स्टूल टाकून बसते, निळ्या डब्यातला कागदाचा एकेक बोळा उलगडून बघते आणि मगच डबा पुढे करते. सून म्हणते, "आई, लोक सकाळी पेपर वाचतात, तुम्ही कचरा वाचता." म्हणू दे. मी या घरात आहे तोवर न उघडलेला कागद बाहेर जाणार नाही. हे वेड असेल तर ते माझं एकटीचं नाही, वडिलांकडून आलेलं आहे. त्यांना ते कुठून आलं हे सांगायचं तर ठाकूरद्वारच्या आमच्या जुन्या वाडीत जावं लागेल.

वाडीत तेव्हा कचरा असा फार नसायचाच. वर्तमानपत्र आधी फळ्यांवर अंथरायचं, मग त्यात पुड्या बांधायच्या आणि एवढं करून उरलं तर रद्दीवाल्याकडे जायचं. बाटल्या बाटलीवाल्याच्या. जुनी लुगडी आधी गोधडीत आणि गोधडीतूनही वाचली तर बोहारणीच्या टोपलीत. बोहारीण आली की आजी तिला जिन्याच्या तोंडाशी बसवून घ्यायची आणि ती अगदी रडकुंडीला येईपर्यंत घासाघीस करून एखादं पातेलं पदरात पाडायची. करवंट्या बंबात, बंबातली राख भांड्यांना. या सगळ्यांतून जे सुटेल ते केर. तो गॅलरीतल्या रॉकेलच्या डब्यात जमायचा आणि तिथून वाडीच्या तोंडाशी असलेल्या म्युनिसिपालिटीच्या कचरापेटीत. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे घरात आजी ठरवायची. ती म्हणायची, "आधी मनातून टाकावं, मग डब्यात." एकदा डब्यात पडलेली वस्तू तिनं कोणाला परत उचलू दिली नाही. माझी एक पेन्सिल अशी गेली, तिचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

घरात आम्ही चौघं. आजी, आई, मी आणि वडील. वडिलांना मी अण्णा म्हणत असे, सारी वाडीही त्यांना अण्णाच म्हणे. अण्णा दिवसा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी शाहीर. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे, हे तेव्हा आमच्याकडे लहान मुलंसुद्धा जेवणाआधीच्या श्लोकासारखं म्हणायची. अण्णांच्या कलापथकात पाच-सहा जण होते. ढोलकी, डफ, झांजा आणि पुढे अण्णा. आज गिरगावात, उद्या लालबागला, परवा परळच्या मैदानावर. कचेरीत वरच्या साहेबासमोर ज्यांचा शब्द फुटत नसे, ते अण्णा स्टेजवर उभे राहिले की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कान टवकारावे लागत नसत. आई म्हणायची, "यांचा आवाज घरात राहतच नाही, बाहेर जाऊन उभा राहतो." तक्रारीच्या सुरात म्हणायची, पण कार्यक्रमाला जाताना ठेवणीतलं लुगडं नेसायची.

अशात अण्णांचे दात गेले. पायरिया झाला होता. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, आणि शेवटी गिरगावातल्या डॉक्टरांनी वरचे सगळे दात काढून टाकले. चाळिशीही झाली नव्हती त्यांची. वरचा ओठ आत गेला आणि माणूस एका आठवड्यात म्हातारा दिसायला लागला. गाणं तर बंदच पडलं. दात नसले की त, थ, द, ध हाताला लागत नाहीत आणि स तर नुसता वाऱ्यावर जातो. "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायला गेले की "फंयुक्त" व्हायचं. पथकातले मास्तर, म्हणजे डफ वाजवणारे, मोठे हिकमती. त्यांनी लोकांना सांगून टाकलं की मोर्चात लाठी लागून शाहिरांचे दात पडले. अण्णा चारचौघांत "नाही हो, पायरिया" म्हणायचे, तर लोकांना तो त्यांचा विनय वाटायचा. शेवटी पथकानं डॉक्टरांना गळ घातली आणि त्यांनी अण्णांना वरची कवळी करून दिली. ती बसवून अण्णा घरी आले, आरशापुढे उभे राहिले आणि पहिल्यांदा मोठ्यानं "संयुक्त" म्हणाले. आजीनं देवापुढे साखर ठेवली.

कवळीनंतर अण्णांनी जो पोवाडा रचला, तो त्यांचा सर्वांत गाजलेला. दिवाळीतल्या पाडव्याच्या पहाटे आमच्याकडे बायका घर झाडतात आणि "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत केर बाहेर नेऊन टाकतात. तोच धागा धरून त्यांनी म्हटलं होतं की महाराष्ट्र येईल तो असा यावा.

झाडा घर, झाडा दार, काढा उच्च-नीचाचा केर,
खराट्याला मुजरा पहिला, गादीला त्यानंतर, जी जी!

या ओळींना टाळ्या पडल्या नाहीत असं कधी झालं नाही. आमच्या वाडीत कचऱ्याच्या गाडीवर येणारा माणूस होता. घाटावरचा, उंच, कानात बाळी घालणारा. त्यानं हा पोवाडा परळला ऐकला होता. पेटी उपसताना तो त्या ओळी मोठ्यानं म्हणायचा, चाल थोडी चुकवून. एकदा अण्णा कचेरीला निघाले असताना त्यानं त्यांना थांबवलं आणि म्हणाला, "अण्णासाएब, तुमी आमच्यावर पवाडा केला. गावाकडं सांगितलं तर कोन खरं मानंना." अण्णा इतके खूश झाले की त्यांची नेहमीची ट्राम चुकली. रात्री जेवताना त्यांनी ते आम्हाला दोनदा सांगितलं. म्हणाले, "महाराष्ट्र होईल त्या दिवशी हाच पोवाडा म्हणणार, आणि त्या माणसाला पहिल्या रांगेत बसवणार."

महाराष्ट्र होणार अशी कुणकुण लागली, ती दिवाळी मला आजही विसरता येत नाही. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला होता. तान्हा होता, दोन दिवसांच्या तापात गेला. आजीनं त्याचा संबंध आदल्या दिवाळीशी जोडला. त्या पाडव्याला आजी हिवतापानं अंथरुणावर होती, आई बाळंतीण होती, आणि केर बाहेर गेला नव्हता. अवदसा घरात राहिली आणि बाळाला घेऊन गेली, असा आजीचा हिशेब. ती तो कोणाला मोठ्यानं सांगत नसे, पण आमच्या घरात न सांगितलेलं सगळ्यांना माहीत असायचं. अण्णा स्टेजवरून अंधश्रद्धेची सालटी काढायचे, पण आजीच्या या समजुतीला त्यांनी कधी हात लावला नाही. आई तर त्या विषयावर बोलतच नसे.

तान्ह्या मुलाचं दुःख वर्षभर पाळायचं नाही, सण चुकवायचा नाही, असं आजीनंच ठरवलं. तरी घरात तळण केलं नाही. मग रिवाजाप्रमाणे साऱ्या मजल्यानं आम्हाला फराळ आणून दिला. चिवडा, शेव, करंज्या, चकल्या, सगळं वर्तमानपत्राच्या पुड्यांतून आणि ताटांतून. शेजारणींची ताटं रिकामी करून परत द्यायची म्हणून आमचे डबे, वाट्या, पेले सगळं भरून गेलं. कोनाड्यात अण्णांची एक चिनी मातीची वाटी असे, रात्री कवळी पाण्यात ठेवायची. त्या गडबडीत ती वाटी कुठल्या डब्यामागे गेली ते सापडेना. अण्णा म्हणाले, "राहू दे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे." त्यांनी कवळी ओल्या फडक्यात गुंडाळली, वर वर्तमानपत्राचा कागद बांधला आणि पुडी उशाशी ठेवून झोपले.

पाडव्याच्या केराची आमच्या घरची रीत होती. पहाटे दिवे न लावता झाडायचं. झाडताना कोणी बोलायचं नाही. केर फुटक्या टोपलीत भरायचा, त्यावर जुनी केरसुणी आडवी ठेवायची आणि वर एक पणती. ती टोपली वाडीबाहेर ठेवून यायचं, येताना मागे वळून बघायचं नाही, आणि आल्यावर हातपाय धुऊन मगच घरात दिवा लावायचा. आजी पुढे केरसुणी घेऊन आणि आई तिच्यामागे सूप बडवत. त्या वर्षी आजीनं माळ्याखालचा, पेटीमागचा, अगदी उंबऱ्याच्या फटीतला केरही काढला. फराळाच्या पुड्यांचे कागद खोलीभर पडले होते. ते सगळे तिनं अंधारात हातानंच गोळा केले. मी जागी होते आणि पांघरुणातून सुपाचा आवाज ऐकत होते. पाडव्याच्या पहाटे तो आवाज वाडीतल्या घराघरांतून यायचा.

त्या परत आल्या, दिवे लागले, आई ओवाळणीचं ताट तयार करायला लागली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. अण्णा उठले, उशीखाली हात घातला, उशी उचलली, सतरंजी झटकली. मग त्यांनी आजीच्या हाताकडे बघितलं. तिचे हात ओले होते, केर टाकून आल्यावर धुतलेले. कोणाला काही विचारावं लागलं नाही. अण्णा तसेच, तोंडही न धुता, दाराकडे निघाले.

आजी उंबऱ्यात उभी राहिली.

"कुठे चाललास?"

अण्णांनी तोंडावर हात धरून सांगितलं. शब्द नीट उमटले नाहीत, पण कळलं.

"ते गेलं," आजी म्हणाली. "दिवा ठेवून पोचवलंय मी ते. पोचवलेलं परत घरात आणायचं नसतं."

"आई, वस्तू आहे ती. माझे दात आहेत."

"दात दुसरे येतील." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "गेल्या साली केर घरात राहिला, तर घरातून काय गेलं ते तुला सांगायला हवं का?"

अण्णांनी आईकडे बघितलं. आई ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी होती, निरांजन लावलेलं. ती एवढं जरी म्हणाली असती की जा, तर आजी बाजूला झाली असती. आईनं मान खाली घातली आणि निरांजनाची वात सारखी करायला लागली.

तरी अण्णा गेले. आजीच्या अंगावरून गेले, जिना उतरले. मी त्यांच्यामागे. वाडीच्या तोंडाशी पोचलो तर कचऱ्याची गाडी उभी. एरवी ती उन्हं वर आल्यावर यायची, पण पाडव्याला ती माणसं लवकर काम उरकून घरोघरी दिवाळीची पोस्त मागायला जात. पेटी उपसून झाली होती. आमच्या टोपलीतली पणती काढून त्या कानात बाळीवाल्या माणसानं भिंतीच्या कडेला ठेवली होती, विझू नये अशी. टोपली अजून भरलेलीच होती.

"अण्णासाएब? काय पडलं का?"

अण्णांनी तोंडावरचा हात काढला. त्याला बघूनच समजलं.

"असं व्हय. थांबा, दोन मिंटात हुडकतो. टोपली वतली पन न्हाय अजून." त्यानं फावडं ठेवलं, हात धोतराला पुसले आणि तो टोपलीपाशी वाकला.

तोवर वाडीतल्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती. दिवाळीची पहाट, सगळे न्हाऊन उभे. कोणीतरी वरून विचारलं, "काय झालं हो?" दुसऱ्यानं सांगितलं. एक जण हसत म्हणाला, "अहो, आता ती शोधून परत तोंडात घालणार की काय?" आमच्या गॅलरीत आजी उभी होती. तिच्यामागे आई.

"नको," अण्णा म्हणाले.

तो माणूस थांबला. "अवो, काय होत न्हाय. धुतली की झालं. नळ हाय की तितं."

"नको. राहू दे."

नको म्हणायला दात लागत नाहीत. ते त्या पहाटे वाडीभर ऐकू गेलं असेल. त्या माणसानं एकदा अण्णांकडे बघितलं आणि मग आपल्या हातांकडे. दोन्ही हात त्यानं उलटेपालटे करून बघितले, जणू त्यांच्यावर काही लागलंय का ते पाहावं तसे. मग टोपली उचलली, गाडीत पालथी केली आणि गाडीवानाला पुढच्या पेटीकडे गाडी काढायला सांगितलं. त्या दिवशी तो वाडीत सगळीकडे पोस्त मागायला आला, आमच्या दाराशी मात्र आला नाही. आजीनं त्याच्यासाठी फराळ आणि पोस्त काढून ठेवली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

अण्णांना आईनं ओवाळलं. त्यांनी तोंड मिटूनच ओवाळून घेतलं.

पुढचे काही महिने घरात जो तो आपापल्या परीनं ते निस्तरायला बघत होता. डॉक्टर म्हणाले, नवी कवळी करू, यात काय आहे. अण्णा म्हणायचे, बघू. आजीनं तिच्या पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "माझ्या सांगण्यानं तुझं गाणं गेलं," ती म्हणाली. आजीला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. चुकलं तरी ठाम राहणारी आजी मला जास्त सोसवायची. अण्णांनी पाटल्या तिच्या हातात परत घातल्या. "तुझ्या सांगण्यानं नाही, आई," एवढंच म्हणाले. आजीला वाटलं, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

आईनं तिच्या मनातलं मला फार उशिरा सांगितलं, मी दोन मुलांची आई झाल्यावर. म्हणाली, "मला ते सगळं खोटंच वाटत होतं गं. अवदसा बिवदसा. पण बाळ गेलं होतं. खोटं म्हणायचं तर त्याला ताकद लागते, ती तेव्हा कुठून आणू?" मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी एक शब्द बोलले असते तर ते धावत गेले असते. आधीच पोचले असते. गाडी यायच्या आधी." तिनं ते आयुष्यभर मनात धरून ठेवलं होतं.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला. गिरगावात घराघरांवर दिवाळीसारखे कंदील लागले, आणि मला आठवतंय, मला त्या कंदिलांचा राग आला होता. परळच्या मैदानावर आमच्या पथकाचा कार्यक्रम होता. मास्तर दुपारपासून अण्णांच्या मागे लागले होते. "अरे, दात नसले तर नसले. लोकांना तू हवायस. लाठीनं पडले म्हणून पुन्हा सांगू की, काय बिघडलं?"

"मास्तर, दातांचं नाही ते," अण्णा म्हणाले.

मास्तरांना ते कळलं नाही, पण त्यांनी जास्त ताणलं नाही. गायला मास्तर उभे राहिले, अण्णांनी झांजा घेतल्या. मैदान इतकं भरलं होतं की आई मला कडेवर घेऊ शकली असती तर बरं झालं असतं, पण मी तेवढी लहान नव्हते. पोवाडा रंगला. मास्तरांचा आवाज जाडा, पण त्या दिवशी कोणाचाही आवाज चालला असता. खराट्याची ओळ आली तेव्हा लोकांनी ती मास्तरांच्या तोंडातून काढून घेतली आणि स्वतः म्हणायला लागले. हजारो माणसं ती ओळ म्हणत होती, आणि तेवढ्या ओळीपुरत्या अण्णांच्या झांजा थांबल्या होत्या. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी, अशा त्या धरून ते पहिल्या रांगेकडे बघत होते. पुढची ओळ आल्यावर पुन्हा वाजवायला लागले. आईनं माझा हात घट्ट धरला, म्हणजे तिनंही ते पाहिलं होतं.

पावसाळ्यात अण्णांना जेवताना फार त्रास व्हायला लागला, तेव्हा कुठे नवी कवळी केली. पहिलीपेक्षा चांगली बसली. पण पथक तोवर पांगलं होतं. महाराष्ट्र मिळाला, मग पोवाडे कशाला? चणे होते तेव्हा दात नव्हते, दात आले तेव्हा चणे संपले. असं आम्ही सगळे म्हणायचो आणि त्यावर हळहळायचो, दातांपायी शाहिरांचं गाणं गेलं म्हणून. अण्णा ते ऐकून घ्यायचे. आम्हीही ते खरं मानून चाललो होतो.

मग पुन्हा दिवाळी आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णा आजीला म्हणाले, "उद्या केर मी नेतो."

आजी बघतच राहिली. "पुरुषानं न्यायची रीत नाही रे."

"मी नेतो," अण्णा म्हणाले, आणि त्या वर्षी आजीनं वाद घातला नाही.

पहाटे आजीनं झाडलं. अण्णा दिवा लावून बसले. दिवा न लावायची रीत पहिल्यांदा त्यांनीच मोडली. केरातला एकेक कागद त्यांनी उलगडून बघितला, मगच टोपलीत टाकला. त्यानंतर दर पाडव्याला, आणि हळूहळू मग रोजच, ते तसंच करत राहिले. त्या दिवशी केर भरून झाल्यावर त्यांनी आईला ताट भरायला सांगितलं. करंज्या, लाडू, चिवडा, वर विडा. एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात रुमालानं झाकलेलं ताट, असे ते जिना उतरले. मी मागे होतेच.

उजाडायच्या सुमाराला गाडी आली. गाडीवर दुसराच माणूस होता, तरणा, नवा. अण्णांनी विचारलं, "आधी इथे येत होते ते? कानात बाळी असलेले?"

"इथं का? लई जन येऊन गेले. कोन म्हनता? नाव काय त्यांचं?"

अण्णा ताट धरून उभे राहिले. ज्या माणसाला पहिला मुजरा केला, ज्याला पहिल्या रांगेत बसवायचं म्हणून घरात दोनदा सांगितलं, त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वाडीतही कोणाला ते माहीत नव्हतं. नवा माणूस म्हणाला, "माजगावला बदली झाली असंल, गोदीकडं. तिकडं बरीच धाडलीत." मग त्यानं टोपली उचलली आणि गाडीत पालथी केली. अण्णांनी ताट त्याच्यापुढे धरलं. त्यानं एक लाडू घेतला, तोंडात टाकला आणि कामाला लागला. पुढे कित्येक रविवारी अण्णा माझगावला जात, कोणाला न सांगता, आणि संध्याकाळी चालत परत येत.

त्या पहाटे मात्र ते सरळ घरी आले. आजी देवापाशी होती, आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात. अण्णांनी करंज्यांचं ताट खाली ठेवलं, सतरंजीवर बसले आणि आमच्यापैकी कोणाकडे न बघता म्हणाले,

"मला त्याला नको म्हणायचं नव्हतं."

नव्या दातांनी त्यातलं एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं.